वादळाचा पंखा आणि काचेची पेटी

पुण्यामुंबईचे लोक जी वस्तू परदेशातून मागवायची म्हणतात, ती मी कोल्हापुरात पंधरा दिवसांत बनवून दाखवतो, असं मी टेबलावर हात आपटून सांगितलं. साल एकोणीसशे चौपन्न, माझं वय सव्वीस. त्या वयात हात आपटल्याशिवाय बोललेलं मोजतच नसत. आपटण्यानं रंगाची बाटली आडवी झाली आणि डॉक्टरांच्या कोटाची बाही लाल झाली. पण डॉक्टर मोठ्या मनाचे. ते एवढंच म्हणाले, "बाळासो, पंधरा म्हणजे पंधराच ना?"

"चौदातसुद्धा होईल," मी म्हणालो.

आता प्रकरण काय होतं ते आधी सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा भलतीकडूनच सुरू झाला.

आमचा क्षयरोगाचा दवाखाना गावाच्या कडेला होता. तीन कौलारू वॉर्ड, मोठं आवार आणि आवाराच्या कोपऱ्यात दोन खोल्यांची प्रयोगशाळा. तिथं आम्ही तिघं. प्रमुख त्र्यंबकराव डॉक्टर, इतके हळू बोलायचे की रागावले तरी दुसऱ्या दिवशी कळायचं. दुसरा मी, बाळासो, हातकणंगल्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, घरातला पहिला बीएस्सी, आणि ते बीएस्सी तेव्हा मी कपाळावर लावल्यासारखं मिरवत होतो. तिसऱ्या पद्मजाबाई. कुरुंदवाडच्या यज्ञेश्वर मास्तरांची मुलगी, राजारामपुरीत मावशीकडं राहून नोकरीला यायच्या. रोग्यांचे बेडके, म्हणजे खोकून काढलेला कफ, तपासायचं काम मुख्यतः त्यांचं. बेडका काचेवर पसरायचा, रंग द्यायचा आणि सूक्ष्मदर्शकातून क्षयाचे जंतू शोधायचे. मला एका काचेला अर्धा तास लागायचा आणि तरी निकाल देताना मी डॉक्टरांच्या तोंडाकडं बघायचो. बाई दहा मिनिटांत मान वर करायच्या, आणि त्यांनी आहे म्हटलं की असायचाच.

त्यातलं बाटल्या उघडायचं काम आधी आकाराम करायचा. आमचा जुना मदतनीस. वीस वर्षं त्यानं उघड्या टेबलावर बेडक्यांच्या बाटल्या उघडल्या, हलवल्या, ओतल्या. एक दिवस त्यालाच खोकला लागला. त्याची काच पद्मजाबाईंनीच तपासली. त्या दिवशी त्यांनी निकाल तोंडानं सांगितला नाही. कागदावर लिहून डॉक्टरांपुढं ठेवला आणि बाहेर जाऊन नळाखाली बराच वेळ हात धूत बसल्या. नवी इंजेक्शनं निघाली होती म्हणून आकाराम वाचला, पण तो मिरजेकडं आरोग्यधामात खाटेवर होता आणि ही बातमी कुरुंदवाडला पोचली होती.

मग मास्तरांचं पत्र आलं. पत्रात चार ओळी. 'मला एकच मुलगी आहे. चैत्री पौर्णिमा झाली की येणाऱ्या सोमवारी मी येतो. आकाराम ज्या टेबलाशी बसत होता त्याच टेबलाशी तू बसत असशील, तर पाचच्या एस्टीनं तुला घरी घेऊन येईन. तयारीत असावे.'

पद्मजाबाईंनी ते पत्र आमच्यापुढं ठेवलं. "अण्णांचं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "आणि मला इथून जायचं नाही. आता दोन्ही कसं जमवायचं ते तुम्ही सांगा."

मलाही त्या जाव्यात असं वाटत नव्हतं. का, ते विचारू नका. हे नातवंडं वाचतात.

डॉक्टरांनी ड्रॉवरमधून एक कागद काढला. कुठल्याशा परदेशी मासिकातून त्यांनी हातानं उतरवून घेतलेलं चित्र होतं. एक मोठी पेटी, पुढं तिरपी काच, काचेखाली हात आत घालण्यापुरती फट, आणि मागं वर एक चिमणी. बेडक्याची बाटली उघडायची ती या पेटीच्या आत. माणूस बाहेर, बाटली आत, मधे काच. आणि चिमणीत पंखा. आता या वस्तूला मोठं इंग्रजी नाव आहे, प्रत्येक प्रयोगशाळेत असते, लाखाच्या खाली मिळत नाही. तेव्हा आमच्याकडं फक्त कागद होता. त्या कागदाकडं बघूनच मी हात आपटला.

डॉक्टर म्हणाले, "मी आठ-दहा दिवस पुण्याला चाललोय. परत येईन ते त्या सोमवारीच सकाळी. सगळं तुमच्यावर आहे. पेटीपेक्षा वारा महत्त्वाचा, हे ध्यानात ठेवा."

"वाऱ्याची काळजीच सोडा," मी म्हणालो.

मी गेलो ते थेट कृष्णात सुताराकडं. कृष्णात म्हणजे सिनेमाच्या स्टुडिओतला सुतार. त्यानं राजवाडे उभे केले होते, किल्ले उभे केले होते, एकदा तर आठवड्यात अख्खी द्वारका उभी केली होती. सगळं फळ्यांचं आणि गोणपाटाचं, आणि सगळ्याला फक्त पुढची बाजू.

"ह्या पेटीला सहाच्या सहा बाजू पाहिजेत," मी बजावलं.

"सहा?" कृष्णात म्हणाला. "मागचं कोण बघतंय?"

"जंतू बघतात."

त्यानं विडी विझवली आणि कागद उलटसुलट करून बघितला. "करूया की. पंखा कुठला आणायचा?"

पंख्याचं मी ठरवलंच नव्हतं. कृष्णातनंच मार्ग काढला. स्टुडिओत एक जुना पंखा अडगळीत पडला होता, मालकांना विचारून तो आणू म्हणाला. "साधासुधा न्हाय बरं का. ह्या पंख्यानं तीन बोलपटांत वादळ आणलंय. एका चित्रात तर देवळाचा कळस उडवला. कळस उडवायचा नव्हता, पण उडाला."

पंख्याला तीन टप्पे होते. कृष्णातच्या भाषेत पहिला पदर उडवायचा, दुसरा झाडं हलवायचा आणि तिसरा वादळाचा.

आणि त्यानं पेटी केली, काय सांगू! अस्सल सागवान, सांधे असे की सुई जाणार नाही, सहाच्या सहा बाजू. फक्त काचेच्या वर त्यानं महिरप काढली आणि महिरपीच्या दोन बाजूंना दोन मोर कोरले.

"मोर कशाला?" मी विचारलं.

"मोकळं बरं दिसंना."

पंखा बसवल्यावर मी चाचणी घेतली. घेतली म्हणजे पेटीपुढच्या स्टुलावर बसलो आणि कृष्णातला म्हटलं, लाव. त्यानं पहिला टप्पा लावला. काचेखालच्या फटीतून चैत्रातल्या दुपारी असा गार वारा तोंडावर आला की माझे डोळेच मिटले. डॉक्टर वारा महत्त्वाचा म्हणाले होते, आणि वारा होता. मी कृष्णातच्या पाठीवर थाप मारली आणि त्याच स्टुलावर अर्धा तास झोपलो. आज ते आठवलं तरी मला एकट्याला बसल्या जागी लाज वाटते.

सोमवार उजाडला. त्याच दिवशी नगरपालिकेच्या शेजारच्या वॉर्डातल्या पोटनिवडणुकीची मोजणी होती. आमच्या आवाराच्या भिंतीला लागून एक तालीम होती, तिथले पैलवान सकाळपासून हलगी तापवून निकालाची वाट बघत रस्त्यावर बसले होते. त्यांचा आमचा काही संबंध नव्हता. निदान अकरा वाजेपर्यंत नव्हता.

साडेदहाला यज्ञेश्वर मास्तर आले. पांढरं स्वच्छ धोतर, पांढरा बंद गळ्याचा कोट, खांद्यावर पांढरं उपरणं, जाड भिंगांचा चष्मा. पुण्याच्या गाडीनं उतरलेले डॉक्टर त्यांच्या पाठोपाठच पोचले. मास्तरांनी मुलीकडं पाहिलं, पेटीकडं पाहिलं, मोरांकडं जरा जास्त वेळ पाहिलं.

"हे काय करतं?" त्यांनी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "पेटीत काही उडालं तर ते बाहेरच्या माणसाच्या अंगावर येत नाही. उदबत्तीच्या धुरानं दाखवतो." त्यांनी खिशातून उदबत्ती काढली.

"मला दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. धूर काही दिसायचा नाही," मास्तर म्हणाले. "आणि न दिसलेल्या गोष्टीला मी कधी मार्क दिलेले नाहीत."

पद्मजाबाई माझ्याकडं बघत होत्या. त्यांची ट्रंक भरून दाराशी ठेवलेली होती, मास्तरांनी आल्या आल्या ती पाहिली होती. त्या ट्रंकेकडं बघून माझ्या डोक्यात वीज चमकली. नको तेव्हाच चमकते ती.

नुकतीच जोतिबाची यात्रा होऊन गेली होती. माझ्या सायकलच्या पिशवीत दीड शेर गुलाल होता. त्या आठवड्यात कोल्हापुरात कुणाच्याही पिशवीत हात घातला असता तर गुलालच निघाला असता.

"मास्तर, गुलाल दिसतो का तुम्हाला?" मी विचारलं.

"गुलाल आंधळ्यालाही दिसेल."

मी ताटली आणली, ताटलीत गुलाल ओतला आणि ताटली पेटीत ठेवली. डॉक्टर हळूच म्हणाले, "बाळासो, चिमूटभर पुरे." पण ते नेहमीप्रमाणं इतकं हळू म्हणाले की मला ऐकू न आल्यासारखं करता आलं. मी मास्तरांना हाताला धरून पेटीपुढच्या स्टुलावर बसवलं. पेटीच्या पूजेला आणलेला नारळ त्यांच्याच हातात दिला, म्हटलं झाल्यावर तुमच्या हातानं फोडू.

"यातला एक कण जरी तुमच्या कोटावर आला," मी म्हणालो, "तर बाळासो नाव लावणार नाही."

आणि थोड्यात कशाला दाखवायचं म्हणून माझ्या हातानं तिसरा टप्पा लावला.

आधी सगळं लाल झालं. मग आवाज आला. नंतर बराच वेळ कुणालाच काही दिसलं नाही. मी चाचपडत पंखा बंद केला तेव्हा खोलीत जणू जोतिबाचा डोंगर उतरला होता. डॉक्टर बाजूला उभे होते म्हणून अर्धेच लाल झाले होते, उजवे. पद्मजाबाई दाराशी होत्या, त्यांचे नुसते पाय लाल झाले होते. मास्तर मात्र स्टुलावर सरळ बसले होते, हातात नारळ धरून, डोक्यापासून वहाणेपर्यंत एकाच रंगाचे. त्यांनी चष्मा काढला तेव्हा डोळ्यांभोवती दोन पांढरी वर्तुळं निघाली.

मागून कृष्णात म्हणाला, "वारा झकास हाय न्हवं?"

मास्तर उठले. श्वास घ्यायला म्हणून आवारातून सरळ रस्त्यावर गेले.

आता तुम्हीच विचार करा. रस्त्यावर हलगीवाले सकाळपासून वाट बघत बसलेत, त्यांचा उमेदवार त्यांनी धड पाहिलेलाही नाही, आणि समोरून एक वयस्क, अब्रूदार माणूस गुलालात न्हाऊन, हातात नारळ घेऊन येतोय. कोल्हापुरात अशा माणसाला कुणी कागदपत्रं विचारत नाही. हलगी कडाडली. दोघा पैलवानांनी मास्तरांना खांद्यावर घेतलं आणि मिरवणूक कोपऱ्याकडं निघाली.

मी मागं धावलो. "अरं सोडा, ते मास्तर हायती!"

"मास्तरच निवडून याय पायजेत!" एक पैलवान ओरडला आणि नाचायला लागला.

कोपऱ्यावरच्या हॉटेलापर्यंत ही वरात गेली. तिथं एका शहाण्यानं मान वर करून विचारलं, "पावणं, ह्या भागात ऱ्हायला कुठं तुम्ही?"

मास्तर जन्मात खोटं बोललेले नाहीत. खांद्यावरूनच म्हणाले, "कुरुंदवाड."

हलगी थांबली. पैलवान एकमेकांकडं बघायला लागले. कुरुंदवाड आपल्या वॉर्डात कधी आलं, यावर थोडी चर्चा झाली. मग त्यांनी मास्तरांना अलगद खाली ठेवलं, वहाणा शोधून दिल्या, हॉटेलात बसवून चहा पाजला, धोतर झटकून दिलं आणि दोघं जण त्यांना दवाखान्याच्या दारापर्यंत पोचवून गेले. जाताना पायाही पडले.

मास्तर आत आले आणि मुलीला म्हणाले, "पद्मजा, तोंड धुऊन घेतो. पाचच्या गाडीनं निघायचं."

मी खाली बघत उभा होतो. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं की चूक झाली तरी बोलून निभावता येते. ट्रंक दाराशी होती, ट्रंकेवरही गुलाल होता, आणि हे सगळं मीच केलं होतं.

"अण्णा, जाऊ आपण," पद्मजाबाई म्हणाल्या. "पण आधी ही भिंत बघा."

स्टुलाच्या मागची भिंत आम्ही कुणी पाहिलीच नव्हती. चुन्याची पांढरी भिंत लालभडक झाली होती, फक्त मधोमध एका बसलेल्या माणसाएवढी जागा पांढरी राहिली होती. डोकं, खांदे, दोन्ही कोपरं. मास्तरांच्या अंगानं जेवढं अडवलं होतं तेवढं.

"इथं उद्या मी बसणार होते," बाई म्हणाल्या. "बाटली उघडली असती, पंखा लावला असता. छान गार वारा आला असता. आणि काही म्हणजे काही दिसलं नसतं. आकारामला तरी कुठं दिसलं होतं?"

कृष्णातनं डोक्याचं मुंडासं काढलं.

"हा गुलाल होता म्हणून दिसलं," त्या म्हणाल्या. "पेटी वाईट नाही, अण्णा. पंखा उलटा आहे."

डॉक्टर पुढं झाले, पेटीत डोकावले आणि त्यांच्या डाव्या, पांढऱ्या बाजूचा चेहराही लाल झाला. "कृष्णात, पंखा आत का फुंकतोय? हवा बाहेरून आत जायला पाहिजे आणि चिमणीतून निघून जायला पाहिजे."

"तसं कुणी सांगितलंच न्हाय," कृष्णात म्हणाला. त्याचा आवाज अगदी पडला होता. "बाई दिसभर त्या काचंपुढं बसणार, उन्हाळ्याचं. पंखा लावायचा आनि वारा भिताडाकडं सोडायचा, असं कोण करतंय? मानसाच्या अंगाला वारा लागाय पायजे म्हणून लावत्यात की पंखा. स्टुडिओत बी आमी हिरॉइनीच्या तोंडावरच दिला. मी तर बाईंच्या सोयीचं केल्तं."

त्याच्या बोलण्यात काही खोट नव्हती. मी स्वतः त्याच वाऱ्यात झोपलो होतो, हे मी तेवढ्यात सांगितलं नाही.

मास्तर भिंतीपुढं उभे होते. आपल्याच आकाराकडं बघत होते. मग त्यांनी स्टूल ओढलं, बसले आणि म्हणाले, "पाच वाजायला वेळ आहे. उत्तर चुकलं तर मी मुलांना पाटी पुसून पुन्हा लिहू देतो."

कृष्णातनं दीड तासात पंखा काढून फिरवून बसवला. गुलाल विकत आणावा लागला नाही, जमिनीवरून झाडून गोळा केला. यावेळी स्टुलावर पद्मजाबाई बसल्या. मास्तर म्हणाले, "तू नको." त्या म्हणाल्या, "मीच. बसायचं मला आहे." पंखा कृष्णातनं लावला. मला सगळ्यांनी मिळून दारात उभं केलं होतं.

तिसरा टप्पा. ताटलीतला गुलाल उठला, वळला आणि सरळ मागं वर चिमणीत गेला. बाईंच्या पांढऱ्या पातळावर एक ठिपका नाही. त्यांनी काचेखालच्या फटीशी तळहात धरला, तो आत ओढला गेला. त्या हसल्या. त्या आठवड्यात पहिल्यांदा हसल्या. डॉक्टरांनी टाळी वाजवली, मी तर कृष्णातला मिठीच मारली.

तेवढ्यात मागच्या आवारातून असा आवाज आला की पंख्याचा आवाज त्यापुढं काहीच नाही.

मागच्या आवारात झुंबरबाई परटीण वॉर्डांच्या चादरी वाळत घालायची. त्या दिवशी चाळीस चादरी होत्या. आमची चिमणी नेमकी त्या दोऱ्यांकडं तोंड करून होती. आता तिथं पांढरी चादर एकही राहिली नव्हती. झुंबरबाई कमरेवर हात ठेवून दारात आली.

"कुनाचं लगीन हाय त्ये सांगा," ती म्हणाली. "न्हाय, मी आहेर घिऊन येते. चाळीस चादरी धुतल्यात मी सकाळधरनं, चाळीस! रोग्याच्या चादरी, उकळून उकळून हात सोलल्यात माझं."

मी तिची समजूत काढायला पुढं झालो तर तिनं मला अशी नजर दिली की मी पुन्हा दारात जाऊन उभा राहिलो.

पण मास्तर उठले होते. ते चादरींपाशी गेले, एक चादर हातात घेऊन डोळ्याजवळ नेली आणि परत आले. "डॉक्टर," ते म्हणाले, "माझ्या मुलीच्या अंगावर आलं नाही, हे मला दिसलं. पण उद्या गुलालाच्या जागी जंतू असतील. ते या बाईच्या चादरीवर जाणार का? आणि चादरीवरून पुन्हा रोग्याच्या अंगावर?"

डॉक्टरांनी तो जुना कागद काढून पुन्हा उलगडला. चित्रात चिमणीच्या तोंडाशी काही तरी काढलेलं होतं, पण ते काय होतं हे मासिकातच नीट छापलेलं नव्हतं, असं त्यांनी कबूल केलं.

"माझी मुलगी वाचवायला मी दुसऱ्याची आई आजारी पाडणार नाही," मास्तर म्हणाले. "याला मी नापास करतो."

तीन वाजून गेले होते. पद्मजाबाई जाऊन त्यांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. तिथं त्यांच्या काचेच्या नळ्या होत्या, जंतू वाढवायच्या. निरोप घेत असाव्यात तशा त्या एकेक नळी सरळ करून ठेवत होत्या. एका नळीवर त्यांचा हात थांबला.

"डॉक्टर, नळीच्या तोंडाला आपण कापसाचा बोळा का लावतो?"

"हवा जावी, जंतू जाऊ नयेत म्हणून," डॉक्टर म्हणाले, आणि म्हणता म्हणता उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाले, "कृष्णात, चौकट!"

मग जी धांदल झाली ती मी जन्मात विसरणार नाही. डॉक्टरांनी कोठीतले कापसाचे गठ्ठे फोडले. कृष्णातनं तारेची जाळी ठोकून चौकट केली. तिच्यावर आम्ही वीतभर जाड कापूस थापला आणि वर तलम कापड ताणून शिवलं. शिवायला कोण बसलं असेल? झुंबरबाई. तोंडानं आम्हाला शिव्या देत होती आणि हातानं असे टाके घालत होती की डॉक्टरांनी जखमेला घातले नसतील. चौकट चिमणीत घट्ट ठोकली तेव्हा सव्वाचार वाजले होते. एवढ्या कापसातून हवा ओढणं साध्या पंख्याच्या बापाला जमलं नसतं. त्याला तीन बोलपटांत वादळ आणलेलाच पंखा पाहिजे होता, आणि तो आणला कुणी, हे मी तेव्हा दोनदा बोलून दाखवलं. कुणी लक्ष दिलं नाही.

ताटलीत पुन्हा गुलाल. स्टुलावर पुन्हा पद्मजाबाई. मास्तर मात्र यावेळी खोलीत थांबले नाहीत. ते मागच्या आवारात गेले, झुंबरबाईच्या टोपलीतून कुणाचं तरी स्वच्छ धुतलेलं उपरणं काढून डोळ्यांपुढं धरून पाहिलं, आणि चिमणीच्या तोंडापुढं दोन्ही हातांनी ताणून उभे राहिले. झुंबरबाई त्यांच्या शेजारी.

पंखा तिसऱ्या टप्प्यावर गेला. पेटीतला गुलाल चिमणीत निघून गेला. उपरणं वाऱ्यानं फुगलं. आम्ही सगळे खिडकीतून बघत होतो. मास्तरांनी पंखा बंद झाल्यावरही ते उपरणं खाली घेतलं नाही. मग डोळ्याजवळ नेऊन, डावीकडून उजवीकडं, वही तपासावी तसं तपासलं. पांढरं होतं. झुंबरबाईलाही दाखवलं. ती म्हणाली, "परटिणीला इचारा, ह्याला डाग न्हाय."

मास्तर आत आले. त्यांच्या कानांत, भुवयांत अजून गुलाल होता. त्यांनी दाराशी ठेवलेली ट्रंक उचलली आणि आम्हाला वाटलं, संपलं. ती त्यांनी आणून पद्मजाबाईंच्या टेबलाखाली ठेवली.

"पाचची गाडी मी एकटा पकडतो," ते म्हणाले. "तुझ्या मावशीला सांग, शनिवारी मी पाव्हणा येणार आहे."

पद्मजाबाई त्यांच्या पाया पडल्या. त्यांच्या कपाळाला मास्तरांच्या पायाचा गुलाल लागला. मी डोळे पुसले, गुलाल गेला होता डोळ्यात.

निघताना मास्तरांनी प्रयोगशाळेचं रजिस्टर मागितलं आणि उभ्यानंच त्यात वळणदार अक्षरांत लिहिलं. रोज काम सुरू करण्याआधी उदबत्ती लावून वारा आत जातो का ते पाहावे. कापूस मळला की जाळून टाकावा. चिमणीसमोर चादरी घालू नयेत. आणि खाली एक ओळ, दोनदा अधोरेखित केलेली. 'पंख्याच्या बटणास बाळासो यांनी हात लावू नये.'

डॉक्टरांनी खाली सही केली. तो नियम झाला.

त्यानंतर मास्तर कधी कोल्हापूरला आले तर तालमीपुढून मुद्दाम चालत जायचे. पैलवान त्यांना ओळखायचे, वाकून नमस्कार करायचे. एकदा मला हळूच म्हणाले, "चाळीस वर्षं शिकवलं, पण खांद्यावर कुणी घेतलं नव्हतं हो." आकाराम बरा होऊन आला आणि कापूस जाळायचं काम त्यानं स्वतःहून मागून घेतलं. पुढं पद्मजाबाईंचं लग्न झालं, माझंही झालं. एकमेकांशी नव्हे. पण प्रयोगशाळेत आम्ही समोरासमोरच्या टेबलांशी तीस वर्षं काढली. मोरांची पेटी मधेच राहिली. सकाळी मी विचारायचो, "बाई, पंखा लावता का?" त्या उदबत्ती लावायच्या, पंखा लावायच्या, धूर आत जाताना बघायच्या आणि मान हलवायच्या. मग मी कामाला बसायचो. हजारो बाटल्या त्यांनी त्या काचेमागं उघडल्या असतील. दरवर्षी छातीचा फोटो निघायचा आणि दरवर्षी मी त्यांच्याआधी तो खिडकीशी धरून बघायचो. स्वच्छ असायचा.

त्या निवृत्त झाल्या त्या दिवशी शेवटचा फोटोही स्वच्छ आला. समारंभ झाला, हार झाले, पेढे झाले. सगळे गेल्यावर त्या पेटीपाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाळासो, अण्णा गेले, डॉक्टर गेले. नियम कुणासाठी पाळायचा? आज तुम्ही लावा पंखा."

मी उठलो. भिंतीवरच्या बोर्डापर्यंत गेलो, हात वर केला, आणि तिथंच थांबलो.

"नको," मी म्हणालो. "तुमच्याच हातानं होऊ दे."

बाईंचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, एवढी निष्ठा हल्ली कुठं बघायला मिळत नाही.

तुम्हाला म्हणून सांगतो, निष्ठाबिष्ठा काही नव्हती. जुना पंखा आणि त्याचे तीन टप्पे केव्हाच गेले होते, नव्या बोर्डावर सारखी दिसणारी सहा बटणं होती, आणि त्यातलं पंख्याचं कुठलं हे तीस वर्षांत मला कधी कळलंच नव्हतं.